टपावर कोन बसी?

गाडीच्या टपावर दोन आडव्या दांड्या बसवायला किती वेळ लागावा? तुम्ही म्हणाल, तास. फार तर अर्धा दिवस. मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी मिस्तरीशी चार वेळा कडाकडा भांडले, एकदा त्याच्या दुकानात बसून रडले, आणि जवळजवळ दर वेळी त्याच्या वेलावरची गिलकी, म्हणजे घोसाळी, पिशवीत घेऊन घरी आले. असा तो माणूस होता.

तळोद्यात त्याला सगळे मिस्तरीच म्हणत. मिस्तरी गावात पन्नास असतील, गवंडी, सुतार, पंपवाले. पण नुसतं ‘मिस्तरी’ म्हटलं की शहादा रस्त्याच्या कडेचं ते पत्र्याचं दुकान आणि आत तो, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात. वेल्डिंग करणारा माणूस पांढरा शर्ट घालतो का हो? हा घालायचा. वर त्या शर्टावर डाग म्हणून नाही. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. दुपार होईपर्यंत माझ्या साडीवर खडू, खिचडी आणि शेंबूड तिन्ही लागलेलं असतं. त्यामुळे मला त्याच्या शर्टाचा फार राग यायचा.

आता, त्या दांड्या मला हौसेसाठी नको होत्या. माझी नणंद सुरतेला राहते. लग्नाला अकरा वर्षं झालेली. दोनदा आशा लागली आणि दोनदा सगळं हातचं गेलं. तिसऱ्यांदा आठवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पडून राहायचं, प्रवासाचं नाव काढायचं नाही. म्हणजे लेक बाळंतपणाला माहेरी येणार नाही, आईनंच तिकडे जायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एका पायावर तयार. अट एकच. खाट बरोबर पाहिजे.

ही खाट म्हणजे काही शिसवी पलंग नव्हे. बाभळीच्या लाकडाची, सुती दोरीनं विणलेली, आत्याबाईंसारखीच बुटकी. आमच्या ह्यांचा जन्म तिच्यावरचा, नणंदेचा तिच्यावरचा, माझी दोन्ही बाळंतपणं तिच्यावर. बाळंतिणीला खाटेवर निजवायचं, खाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या. तो शेक विणीतून वर पाठीला लागला पाहिजे. सुरतेच्या फ्लॅटमधल्या प्लायवुडच्या पलंगाखाली शेगडी ठेवली तर शेक लागायच्या आधी बिल्डिंग पेटेल. ट्रकनं पाठवू म्हटलं, तर आत्याबाई म्हणाल्या, ‘मन्ही खाटवर कोनी बिडी पीत बसी. नही.’ गाडीच्या आत ती मावेना. राहिला टप. निघायला हातात दहा दिवस होते.

गाडी आमची सात सीटची, लांबुडकी. चालवते मी. आमच्या ह्यांना येत नाही आणि शिकायचंही नाही; मला क्लास लावून दिला आणि ते मोकळे झाले. तर मी गाडी घेऊन मिस्तरीकडे गेले. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘टपावर कोन बसी?’

‘कोनी नही. खाट ठेवनी शे.’

‘खाट ठेवनी शे, ते समजनं. बसी कोन?’

मी चिडले की शुद्ध मराठी बोलते. घरी सगळ्यांना माहीत आहे. माझ्या तोंडून ‘आहे’ आणि ‘नाही’ यायला लागलं की ताटं उचलून पळायचं. मी म्हणाले, ‘मिस्तरी, तुम्हाला ऐकू कमी येतं का?’

तो शांतपणे म्हणाला, ‘ऐकाले बराबर येस. बशी जा, चहा मांगाडस.’

हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारायचा. काय ठेवणार हे नंतर, आधी कोण बसणार. कारण आमच्या भागात टप म्हणजे नुसता टप नाही. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी घाट उतरणारी जीप बघा. आत माणसं, मागच्या शिडीवर माणसं, वर टपावर कोंबड्या, गोण्या आणि पुन्हा माणसं. एके काळी तळोदा-अक्कलकुव्याकडच्या कितीतरी जीपांची कॅरियरं यानंच बनवलेली होती म्हणे. मग एकाएकी सोडलं. शिडी बनवणं तर साफ बंद. नंतर तो जे बनवायचा त्यावर सामान मजेत राहायचं, पण माणूस बसला तर दोन मिनिटांत ओरडत खाली यायचा. दांड्या मुद्दाम लांब-लांब, मधे ना जाळी ना पत्रा. जीपवाले म्हणायचे, मिस्तरीचं कॅरियर म्हणजे बाभळीचं झाड. हळूहळू ते येईनासे झाले. याला त्याचं सोयरसुतक नाही. का सोडलं असं विचारलं की कान खाजवायचा आणि गिलकं काढून हातात द्यायचा.

गिलक्याचा वेल दुकानाच्या मागच्या भिंतीला होता. भिंतीशी एक लोखंडी शिडी टेकवून ठेवलेली आणि वेल तिच्यावर चढवलेला. दर पायरीला एक-दोन गिलकी लोंबत असायची. मला वाटलं, भंगारातली शिडी आहे, वेलाला कामी आली. चला, बरं झालं.

एका निवडणुकीत एक उमेदवार त्याच्याकडे आला होता. मिरवणुकीत टपावर उभं राहून हात जोडायची त्याला हौस. मागे मोटारसायकलींची रांग, गळ्यात झेंडूच्या माळा. मिस्तरीनं खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं, ‘दादा, लोके सगळा खाले उभा शेत. तुम्हीन एखलाच वर जाईसन काय करश्यात? खालेच ऱ्हा.’ उमेदवार हसत हसत दुसऱ्या मिस्तरीकडे गेला. पुढे तो पडला, निवडणुकीत म्हणते मी, आणि त्याचं खापर लोकांनी आमच्या मिस्तरीवर फोडलं. तेव्हापासून निवडणूक आली की पोरं त्याच्या दुकानासमोरून जाताना मुद्दाम विचारायची, ‘मिस्तरी, औंदा कोन पडी?’ तो म्हणायचा, ‘जो वर चढी तो.’

गाडी तपासायची त्याची रीत बैलबाजारातली. आधी लांबून एक फेरी. मग जवळ जाऊन टपावरून हात फिरवायचा, पुढून मागे, मागून पुढे, डोळे मिटून. मग दोन्ही हातांनी दाबून बघायचं. माझ्या गाडीच्या टपावर दोन्ही कडांना लांब उभ्या पट्ट्या आहेत, त्याही त्यानं बोटांनी चाचपल्या. मग म्हणाला, ‘पाठ चांगली शे. पुस्तक आना.’

‘कसलं पुस्तक?’

गाडीबरोबर मिळतं ते. ते समोरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, जसं आलं तसं पडलेलं होतं. चार वर्षांत कोणी उघडलं असेल तर शपथ. मिस्तरीला इंग्रजी येत नव्हतं, पण पिशवी त्यानं स्वतः फाडली, हात पुसून पुस्तक उघडलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. ‘वाचा ताई. टपनं वजन.’ मी शोधून वाचलं, पंचाहत्तर किलो. तो म्हणाला, ‘दांड्यासनं वजन धरीसन का सोडीसन?’ मी परत वाचलं. दांड्यांसकट. त्यानं मांडीवर थाप मारली. ‘लिखनारा शाना मानूस शे!’ एवढा आनंद मी पहिलीच्या पोरांना ‘कमळ’ वाचता आलं तरच बघते. मग म्हणाला, ‘आते खाटनं वजन करी आना.’

मला खाटेचं वजन माहीत नव्हतं. कोणाला माहीत असतं? मी अंदाजे म्हणाले, वीस किलो. ‘अंदाज भाजीमा मीठले. गाडीले नही.’ झालं. खाट हातगाडीवर घातली आणि मिरचीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर नेली. आत्याबाई बरोबर, कारण त्यांची खाट त्यांच्याशिवाय कोणी कुठे नेत नाही. लाल मिरचीच्या ढिगांमध्ये आम्ही तिघी, मी, आत्याबाई आणि खाट, शिंकतोय. हमालानं खाट काट्यावर ठेवली आणि आत्याबाई दमल्या होत्या म्हणून तिच्यावर बसल्या. काटा बहात्तर दाखवायला लागला. व्यापारी म्हणाला, ‘माय, खाट तोलनी शे का तुम्हले?’ उतरल्यावर चोवीस भरली. मी परत जाऊन मिस्तरीला आकडा सांगितला, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

एक घोडचूक मी आधीच करून बसले होते. मोबाइलवर दांड्यांचा जोड मागवला होता. अॅल्युमिनियमच्या, चपट्या, दिसायला झ्याक. खोकं उघडलं, मिस्तरीनं एक क्लॅम्प उचलून पट्टीला लावून पाहिला आणि परत खोक्यात ठेवला. ‘हाई जोडा दुसराना पायना शे.’ माझ्या गाडीच्या पट्ट्या टपाला चिकटलेल्या. हे क्लॅम्प होते उंच पट्ट्यांचे, ज्यांच्या खालून बोट जातं. मी म्हटलं, जरा ठोकून बसवा की. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खोकं बंद केलं. ते परत पाठवण्यात आणि बरोबरचे क्लॅम्प नंदुरबारहून आणवण्यात तीन दिवस गेले. तोवर दांड्या कुठल्या घ्यायच्या यावर आमचं शिक्षण चाललं. चौकोनी लोखंडी पाइप मजबूत, पण जड आणि वाऱ्यात वाजणारा. त्यानं पाइपच्या कडेवर फुंकर मारून दाखवली. ‘सुरतलोंग सीटी वाजाडत जाशात.’ शेवटी त्या चपट्याच ठरल्या, फक्त जाड बनावटीच्या.

बोल्ट आवळण्याचंही एक शास्त्र. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही. एकेक करून सगळे थोडे-थोडे, तिरपे तिरपे. मग दांडी धरून आख्खी गाडी हलवून बघायची. मग परत. आणि शेवटी खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढायची. खरं सांगते. प्रत्येक नटावर आणि खालच्या पट्टीवर मिळून एक बारीक लाल रेघ. नट जरासा फिरला की रेघ तुटलेली दिसते. नेलपॉलिश आणायला तो स्वतः बांगड्यांच्या दुकानात जायचा, बायकांच्या गर्दीत पांढऱ्या शर्टात उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘लाल दखाडा. टिकाऊ.’ नव्या दुकानदारणी तोंडाला पदर लावायच्या. जुन्या सरळ बाटली काढून द्यायच्या.

आणि शेवटची परीक्षा गाठीची. सामान त्यानं बांधायचं नाही, मालकानं बांधायचं. बांधून, गाडी चालवून, बाजार समितीच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांवरून तीन फेऱ्या मारायच्या. सामान तसूभर हललं तर परत बांधायचं. सराव म्हणून त्यानं मला एक रिकामी पेटी दिली. मी बांधली. तो टाचा उंचावून बघत राहिला आणि म्हणाला, ‘ताई, हाई गाठ शे का जिलबी?’ डीएड झालेल्या बाईला हे ऐकावं लागलं.

सातव्या दिवशी मी रडले. दांड्या बसल्या होत्या, रेघा ओढल्या होत्या. मी विचारलं, उद्या खाट आणू? तो म्हणाला, आणा, उलटी बांधू. चार पाय आभाळाकडे.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याची खाट उलटी करून अंगणात टाकतात. उलटी खाट दिसली की रस्त्यानं जाणारा थांबतो, हात जोडतो आणि मग पुढे जातो. आणि ही तर बाळंतिणीची खाट! दोनदा पोळलेल्या लेकीकडे चाललेली. आत्याबाईंनी निघायचं ठरल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, मन्ही खाट सुलटी जाई, जशी घरमा शे तशी. मी मिस्तरीला म्हणाले, सुलटी बांधा. तो म्हणाला, सुलटी नही. मी म्हणाले, का? तो म्हणाला, ‘सुलटी खाट दिखनी का मानूस बसस.’ मी भांडले, विनवलं. तो कान खाजवत उभा. तेवढ्यात नणंदेचा फोन आला, ‘वहिनी, माय कवय येई? माले भ्या वाटी ऱ्हायनं.’ फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं. मिस्तरीनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. पण हो म्हणाला नाही.

मी घरी जाऊन सांगितलं. आत्याबाईंनी पदर खोचला आणि चपला घातल्या. आमच्या आत्याबाई पदर खोचून निघाल्या की समोरच्यानं आपलं बघावं.

‘काय रे मिस्तरी,’ त्या दुकानात शिरता शिरताच म्हणाल्या, ‘बाळंतीणनी खाट उलटी करशी? मन्हा घरमा कोनी मरनं का?’

मिस्तरी उठून उभा राहिला. ‘आक्का, नाराज नका व्हा. रिकामी सुलटी खाट, सुरतलोंगना रस्ता. तुम्हीन चहाले थांबश्यात. कोनी तरी चढी, बशी जाई. गाडी चालू व्हई.’

‘चढी तं चढी! तुन्हं काय जास?’

त्याच्या हातात एक वायसर होता. तो बोटात फिरवत राहिला. मग वायसरकडेच बघत बोलला, आणि एवढं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

‘मन्हा धाकला भाऊ गया, आक्का. काठी गावनी होळी दखीसन ई ऱ्हायंता. रातभर नाचेल. पहाटले जीपना टपवर बसना. कॅरियर मन्हं, शिडी मन्ही. मीच बनाडेल. जीप उलटनी नही, काही व्हयनं नही. मन्हा एक बी जोड तुटना नही. तोच झोपमा सुटना.’

त्यानं मागच्या भिंतीकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. मीही पाहिलं. गिलक्याच्या पानांतून शिडीच्या पायऱ्या दिसत होत्या. इतके दिवस मी तिच्यावरची गिलकी घरी नेत होते, मसाला लावून खात होते. मला स्वतःची लाज वाटली. लाज कसली, ते सांगता येणार नाही, पण वाटली.

आत्याबाईंनी खोचलेला पदर सोडला, मला म्हणाल्या ‘चाल वं’, आणि निघाल्या. त्या दिवशी घरात खाटेचा विषय निघाला नाही. संध्याकाळी गिलकं त्यांनी स्वतः चिरलं. एरवी त्या चिरत नाहीत, त्यांचं बोट दुखतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, खाट हातगाडीवर घाल. आम्ही दुकानाशी पोचलो तर मिस्तरी गाडीच्या बाजूला उभा. दांड्यांवर चार लोखंडी वाट्या बसवलेल्या. खोलगट, आत सायकलच्या ट्यूबचं रबर, बाहेरून पिवळा रंग, तोही अजून ओला. खाटेचे चार पाय त्या चार वाट्यांत बरोबर उभे राहतील, खाट सुलटी, टपाला ओरखडा नाही. माप त्यानं कधी घेतलं कोण जाणे. आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या बाजूला, हाताएवढा काळा डाग होता. मी त्या डागाकडे बघतच राहिले.

‘आक्का,’ तो म्हणाला, ‘सुलटी लई जा. बाळंतीणनी खाट शे. मन्हं काय, मी म्हनतच ऱ्हास.’

आत्याबाईंनी वाट्यांकडे पाहिलं. एकीत बोट घालून रबर दाबून पाहिलं. म्हणाल्या, ‘काढ ह्या वाट्या. उलटी बांध.’

मी कपाळाला हात लावला. ‘तुम्ही दोघांनी मिळून माझा जीव घ्यायचं ठरवलं आहे का?’ शुद्ध मराठीत, मोठ्यानं. पलीकडचा पंक्चरवाला बाहेर येऊन उभा राहिला.

‘चूप बस वं,’ आत्याबाई म्हणाल्या. मग मिस्तरीला, ‘खाट उलटी दखीसन लोके काय म्हनतीन? कोनी तरी मरनं. म्हनू दे. म्हनाथीन कोनी मरस का? पन सुलटी खाटवर कोनी चढना ना पडना, तं ते मरन खरं. ते मन्ही खाटले लागी, मंग मन्ही पोरले लागी. मी पुढे खिडकीजोगे बससू. जो हात जोडी, त्याले सांगसू, जित्ती शे.’

हा हिशोब त्यांनी रात्री अंथरुणावर पडून मांडला असणार. त्यात अपशकुन होता, पोर होती, सगळं होतं. फक्त मिस्तरीच्या भावाचं नाव नव्हतं. ते त्यांनी कधीच घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मिस्तरी त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो पाना आणायला आत गेला आणि पाना आणायला लागतो त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ आत राहिला.

खाट मी बांधली, चार ठिकाणी, जिलबी न करता. तीन फेऱ्या मारल्या. गतिरोधकांवर खाट जागची हलली नाही. काढलेल्या वाट्या फुकट जाऊ नयेत म्हणून त्यानं त्या खाटेच्या वर आलेल्या पायांवर टोपीसारख्या बसवल्या. पिवळ्या टोप्या घातलेली खाट घेऊन मी घरी आले. नवव्या दिवशी पहाटे त्यानं पुन्हा बोलावलं, रेघा तपासल्या आणि म्हणाला, ‘जा.’ एवढंच. मजुरी किती म्हटलं तर बाळंतपणाच्या पेढ्यांवर ढकललं, म्हणजे नंतर.

नंतर पेढे आणलेच मी. नणंदेला मुलगी झाली, दोन किलो आठशे, आवाज आजीवर गेलेला. खाटेवर सव्वा महिना शेक घेतला तिनं. मिस्तरीला पेढा दिला तर तो डाव्या हातात धरून आधी गाडीभोवती फिरला, रेघा बघितल्या. सुरतेला जाऊन आलो तरी एकही तुटली नव्हती. मग पेढा खाल्ला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. दुकान बंद आहे, पण गिलक्याचा वेल दरवर्षी आपला आपण शिडीवर चढतो. दांड्या मी अजून काढलेल्या नाहीत. ह्यांचं म्हणणं, रिकाम्या दांड्यांनी पेट्रोल जास्त जातं. जाऊ दे.

पण मिस्तरी म्हटलं की मला आठवतो तो आमचा जायचा दिवस. मी गाडी चालवतेय, शेजारी आत्याबाई, खिडकीची काच पूर्ण खाली. तळोद्याच्या बाजारातच सुरू झालं. एका दुकानदारानं टोपी काढली. सायकलवरचा एक जण खाली उतरून उभा राहिला. आत्याबाईंनी अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडल्या, ‘जित्ती शे मी! मन्हीच खाट शे! पोरनं बाळंतपन कराले जाई ऱ्हायनू!’ माणसं आधी दचकली, मग हसायला लागली. मिस्तरीच्या दुकानासमोरून जाताना तर त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले. तो दारात उभा होता, धुतलेल्या शर्टात. त्यानं हात वर केला आणि तसाच वर ठेवला, आरशात दिसेनासा होईपर्यंत. पुढे प्रत्येक गावात तेच. मागच्या सीटवर आमचे हे लाजेनं तोंडावर रुमाल टाकून आडवे झाले, त्यामुळे गाडीत खरंच कोणी गेल्यासारखं दिसायला लागलं. मी हसता हसता गाडी कशीबशी सरळ ठेवत होते.

अक्कलकुव्याच्या अलीकडे समोरून एक जीप आली. बाजाराचा दिवस होता. आत किती होते देव जाणे. टपावर दहा-बारा जण पाय खाली सोडून बसलेले, एकाच्या मांडीवर कोंबडा, दोघं मागच्या शिडीवर लटकलेले. हसत होते, एकमेकांना ढकलत होते. रस्ता अरुंद, म्हणून मी गाडी हळू केली. त्यांनी आमच्या टपाकडे पाहिलं. चार पाय वर केलेली खाट.

हसणं थांबलं. पुढच्या माणसानं हात कपाळाला लावला आणि मग तोच हात खाली नेऊन कॅरियरची दांडी धरली. मग त्याच्या शेजारच्यानं धरली. मग त्याच्या मागच्यानं. कोंबडेवाल्यानं कोंबडा काखेत मारला आणि मोकळ्या हातानं धरली. शिडीवरच्या दोघांनी दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली.

आत्याबाईंचा हात खिडकीबाहेर होता, तोंडही उघडलं होतं. मी वाट बघत राहिले. जीप बाजूनं निघून गेली. त्यांनी हात आत घेतला.

मी विचारलं, ‘काबरं आत्याबाई, ह्यासले नही सांगं?’

‘ऱ्हाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘धरू दे त्यासले घट.’